पिंगळीपर्यंतचा सौदा

टक् असा आवाज झाला आणि गाडीचा डाव्या बाजूचा आरसा मिटला. एवढंच. कुणी पडलं नाही, कुणी ओरडलं नाही, काचही फुटली नाही. पिंगळीहून परत येताना परभणी तोंडावर आलेली, ऊन कलतं झालेलं, आणि सूर्यभानला समोरचा रस्ता चांगला मोकळा दिसत होता. मोकळा दिसत होता, हीच तर अडचण होती. आरसा ज्याला लागला ते त्याला दिसलंच नव्हतं. गाडी कडेला घेऊन त्यानं अख्खी मान वळवली तेव्हा मागे एक माणूस सायकल दोन पायांत धरून उभा होता, हँडलला दुधाची कॅन. आता हा शिव्या घालणार म्हणून सूर्यभान काच खाली करून तयार राहिला. पण तो माणूस जवळ आला, आत वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "काका, दिसत न्हाई का वो तुमाला?" रागानं विचारलं असतं तर काहीतरी उलट बोलता आलं असतं. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला तेवढं जमतं. हा बापडा काळजीनं विचारत होता. शेजारच्या सीटवर सरजा, सूर्यभानची बायको, मांडीवर पदर पसरून बसली होती. गाडी का थांबली हे तिनं विचारलं नाही. गाडीत ती काहीच विचारत नसे.

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला यंत्रात हनुवटी टेकवायला लावली, ठिपके दाखवले आणि सांगितलं की काचबिंदूनं बाजूची नजर खाल्ली आहे. समोरचं शिल्लक आहे, तेही कधीपर्यंत हे सांगता येत नाही. "गाडी बंद," तो म्हणाला, लोणचं बंद म्हणावं तसा. सूर्यभानच्या ओठांवर आलं होतं, की बाबा, लांब कुठं जात नाही, पिंगळीच्या स्टेशनापर्यंत जातो आणि परत येतो, तेवढ्याला चालेल का. पण हे असं विचारणाऱ्याला शहाणी माणसं काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं. तो फी देऊन पायऱ्या उतरला. परतीच्या रेल्वेत खिडकीशी बसून त्यानं एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. शेतं होती, विजेचे खांब होते, सगळं जागच्या जागी होतं. माणसाचं काय जातं ते जाताना कळत नाही, हा मोठाच अन्याय आहे, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याबरोबर सरजाची आठवण झाली. तिचं तर त्याच्या डोळ्यांदेखत गेलं होतं, वर्षानुवर्षं, आणि ते जाताना त्यालाही कळलं नव्हतं.

सरजा त्याला पाव्हणं म्हणायची. आधी नावं गेली, मग नाती गेली, आणि दोन वर्षांमागे एका सकाळी तिनं त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेतला, परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा, आणि विचारलं, "पाव्हणं, कोणत्या गावचे तुमी?" त्यानं हसण्यावारी नेलं. संध्याकाळी तिनं परत विचारलं. पुढे पुढे तिला त्याचं घरात असणं खटकायला लागलं. दिवसा ती त्याला चहा विचारायची, जेवून जावा म्हणायची, पण दिवस मावळायला आला की दाराशी घुटमळायची. बाईमाणूस एकटं असलेल्या घरात पाव्हणा मुक्काम ठोकून बसला तर शेजारीपाजारी काय म्हणतील, ही तिची चिंता. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसानं आपल्याच घरात पाव्हण्यासारखं कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि बायको झोपली की मांजरासारखं आत यायचं. लोक म्हणतात, सवय होते. सूर्यभानला झाली नाही. रोज सकाळी तिनं पदर डोक्यावर ओढला की त्याला नव्यानं लागायचं, आणि रोज त्याला वाटायचं, आज नाही ओढणार.

गाडीत मात्र वेगळं होतं. पहिल्यांदा ते नांदेडहून येताना झालं, तिलाच डॉक्टरला दाखवून. पिंगळी जवळ आली आणि तिनं आपण होऊन त्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून उचलला आणि आपल्या पदराखाली घेतला. लग्नानंतर तिनं चारचौघांत कधी त्याच्या बाहीला बोट लावलं नव्हतं. पदराच्या आत तिचा हात कोरडा आणि गरम होता. तिनं आधी त्याचा सगळा पंजा मुठीत धरला, गच्च, मग थोड्या वेळानं नुसती चार बोटं, मग तीन, मग मधल्या बोटाचं पेर हळूच दाबलं आणि थांबली. पुन्हा पंजा. घर येईपर्यंत हे चाललं. तो काही बोलला नाही, हात हलवला नाही, काही केलं तर पाखरू उडेल या भीतीनं नुसता धरू दिला. दुसऱ्या दिवशी तो तिला मुद्दाम पिंगळीपर्यंत घेऊन गेला, आणि पुन्हा तेच. मग रोजच. हात तिच्याकडे गेला की गिअर बदलता येत नसे, म्हणून गाव सुटलं की तो तिसरा टाकायचा आणि अख्खा रस्ता तिसऱ्यातच काढायचा. ज्या इंजिनाला मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत गात जायची हौस, ते बिचारं बैलगाडीच्या मागे मुकाट चालायचं. संध्याकाळचे चार वाजले की सरजा स्वतःहून फाटकाशी येऊन उभी राहू लागली. सूर्यभाननं पुण्याच्या लेकीला, भक्तीला, फोनवर सांगितलं, "घरात ओळखत नाही, पण गाडीत ओळखते." भक्ती एवढंच म्हणाली, "असेल बाबा." त्याला तिचा तो 'असेल' आवडला नाही.

आणि आता तीच गाडी विकायची होती. विकायची नाही म्हटलं तर दारात उभी राहणार, किल्ली खुंटीला राहणार, आणि तो स्वतःला ओळखून होता. चार वाजता सरजा फाटकाशी आली की तो किल्ली काढणार आणि एक दिवस कुणाच्या तरी लेकराच्या अंगावर गाडी घालणार. भक्तीनं जाहिरात टाकली. पण भाव काय लावायचा? भंगारवाल्यानं लोखंडाच्या वजनावर सांगितलं. गावातल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं नुसतं मीटर बघितलं आणि 'साहेब, एवढी तर आमची काळीपिवळी चालत नाही' म्हणून भंगारवाल्यापेक्षा पाचच हजार चढवले. विम्याच्या कागदावर तर गाडीला काही किंमतच उरली नव्हती. होंडा सिटी, दोन हजार एक सालची, व्हीटेक इंजिनाची, काळपट हिरवी. त्या काळी सूर्यभान बियाणे कंपनीत विभागाचा विक्री अधिकारी होता. सेलू, जिंतूर, गंगाखेड, लातूर, खाली उदगीर, वर हिंगोली, कापसाच्या हंगामात आठ आठ दिवस घराबाहेर. दुकानदार म्हणायचे, सूर्यभानराव फोन ठेवतात आणि फाटकात हॉर्न वाजतो. अशी ती गाडी. पाच हजार फेऱ्या ओलांडल्या की तिचा आवाज फिरायचा, गळा मोकळा व्हायचा, आणि मोकळ्या रस्त्यावर एकट्या सूर्यभानच्या अंगावर काटा यायचा. त्या गळ्यासाठी तो खोटे दौरे काढायचा, हे कंपनीलाही ठाऊक नव्हतं. सरजाला वेगाची भीती वाटायची. ती क्वचित बसली की डोळे मिटून घ्यायची, आणि हा हसून आणखी पाय दाबायचा. मग ती बसेनाशी झाली. "तुमी जावा," म्हणायची, "मला घरी कामं हायेत."

रविवारी गिऱ्हाईक आलं. बालाजी नावाचा तिशी ओलांडलेला माणूस, मूळ नांदेडचा, पुण्यात नोकरीला, अशा जुन्या पळणाऱ्या गाड्या शोधून दुरुस्त करून ठेवण्याचं वेड. त्यानं आधीच फोन करून बजावलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. तसंही आरसा मिटल्या दिवसापासून गाडी हललीच नव्हती. सरजा चारला फाटकाशी येई, दिवस बुडेस्तोवर उभी राही आणि आत जाताना सूर्यभानकडे अशी बघे, जणू त्यानं तिचं काही उचलून नेलंय. वालूरहून सरजाचा धाकटा भाऊ आश्रुबाही आला होता. सौद्यात मधला माणूस पाहिजे, घरच्यानं घरच्या वस्तूचा भाव करू नये, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. आश्रुबा आणि त्याचा बाप, दोघं पिढीजात बैलबाजाराचे दलाल. बाप गेला, बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि आश्रुबाच्या खांद्यावरचा पांढरा रुमाल आता तोंड पुसण्यापुरता उरला होता. सूर्यभान मास्तराचा मुलगा. सासुरवाडीचा हा धंदा त्यानं कधी जवळून बघितला नाही. सेलूच्या बाजारात एकदा जाता जाता दिसलं होतं, दोन माणसं रुमालाखाली हात घालून आभाळाकडे बघत बसलेली, आणि त्याला हसू आलं होतं. सरजाला तो चिडवायचा, 'दलालाची लेक, हिच्याशी भाव करू नये.' ती हसायची नाही.

आश्रुबा दारात आला तशी सरजा लगबगीनं उठली. "आबा," म्हणाली, "लय उशीर केला." आश्रुबाचे डोळे भरले. पण तो जातीचा दलाल, चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. "आलो की बाई," म्हणाला. भावाला तिनं बाप म्हणून का होईना ओळखलं, याचं सूर्यभानला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही.

बालाजीनं आधी बॉनेटवर तळवा ठेवला. थंड लागल्यावर त्याचा चेहरा खुलला. मग त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि दारांवरून फिरवत गेला. खाली पुट्टी भरलेली असली की चुंबक धरत नाही. सगळीकडे धरलं. डिकीतला गालिचा उचलून गंज बघितला. इंजिन चालू करून मागे जाऊन धुराचा वास घेतला, ऑइलचं झाकण उलटं करून बोटानं पुसलं. आश्रुबा हे सगळं मन लावून बघत होता. "आमी दात बघायचो," म्हणाला, "अन् खूर." बालाजी हसला. शेवटी तो आत बसला, बराच वेळ बसला. ब्रेकच्या पायटीवरचं झिजलेलं रबर, स्टिअरिंगवर गुळगुळीत झालेली दोन ठिकाणं, सगळं चाचपून म्हणाला, "काका, चार लाखावर चाललेली आणि मीटर मागे न घेतलेली गाडी मी पहिल्यांदा बघतोय. लोक एक लाख दाखवतात, आणि पायटी बघितली की कळतं."

"मागे कशाला घ्यायचं," सूर्यभान म्हणाला. "चाललीय ती चाललीय."

"उजवी सीट पार बसलीय. ही डावी मात्र नवीच आहे." त्यानं डाव्या सीटवर हात फिरवला, सहज, चांगली गोष्ट सापडल्यासारखा. "एकट्यानंच फिरलात वाटतं सगळं."

सूर्यभाननं मान हलवली. त्यानं कधी असा हिशेब केला नव्हता. चार लाख बारा हजार किलोमीटर, आणि त्यातले सरजाच्या वाट्याला किती आले ते सीटच सांगत होती. पृथ्वीला दहा वेढे झाले असते, आणि ही तेवढा वेळ परभणीत वसमत रोडच्या दोन खोल्यांत कोणती कामं करत होती? त्याला एकही काम आठवेना. घरी आलं की जेवण असायचं, कपडे धुतलेले असायचे, भक्तीचा अभ्यास झालेला असायचा. ती काय बोलायची? ती काहीतरी बोलायची, आणि तो डोळे मिटून उद्याचा रस्ता बघत असायचा. आणि मग ती ही अशी झाली आणि त्या पदराखाली तिनं त्याचा हात धरला, तेव्हा त्यानं ते दान समजून घेतलं. आपली लायकी नसताना मिळालेलं. एवढ्या चार लाखांतले ते पिंगळीचे थोडे किलोमीटर सोडले तर बाकीचे कुणालाही फुकट द्यायला तो तयार होता.

"बोला काका, किती सांगता?"

"किलोमीटरला एक रुपया," सूर्यभान म्हणाला. "मीटरवर आहे तेवढे."

बालाजीला आधी गंमत वाटली. "उलटं झालं की. जास्त चालली म्हणून कमी करतात, तुम्ही चढवताय." मग त्यानं सूर्यभानचा चेहरा बघितला आणि हसणं आवरलं. "मी अडीच लाख ठरवून आलो होतो. हा चांगला भाव आहे, कुणालाही विचारा. गंज नाही, मीटर खरं आहे, म्हणून."

"थांबा, थांबा. भाव असा धुळीत उभा राहून करतेत व्हय?" आश्रुबा मध्ये पडला. "आधी जनावर चालवून बघू. दाजी, तुमीच हाका. धन्याच्या हातात कसं चालतंय ते बगू द्या पोराला."

सूर्यभाननं डॉक्टरचं तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. शेवटचं, त्यानं स्वतःला सांगितलं, हळूहळू जाऊ. खरं म्हणजे त्याला चार वाजले होते आणि सरजा फाटकाशी उभी होती, याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. त्यानं तिला दार उघडून दिलं. ती बसली, पदर पसरला. मागे बालाजी आणि आश्रुबा. बालाजी कान देऊन बसला होता. मालक चालवताना गाडी ऐकावी, म्हणजे तिला कसं वागवलंय ते कळतं, असं तो म्हणाला. गाव सुटलं. तिसरा पडला. आणि तिचा हात आला. इतक्या दिवसांनी तो हात आला आणि सूर्यभानच्या डोळ्यांपुढचा उरलासुरला रस्ताही धूसर झाला. पंजा. मग चार बोटं. मग तीन आणि पेर. ती विसरली नव्हती. एवढे दिवस वाट बघून, रुसून, शेवटी तिनं हात धरलाच. मागून बालाजी म्हणाला, "काका, चौथा टाका की." सूर्यभान म्हणाला, "राहू दे." त्या क्षणी बालाजीनं पैशाचं पोतं ओतलं असतं तरी त्यानं गाडी दिली नसती. आंधळा झालो तरी चालवीन, असं काहीतरी वेडंवाकडं त्याच्या मनात आलं, आणि त्याला फार आनंद झाला.

पिंगळीच्या स्टेशनासमोर चहासाठी थांबले. सरजा गाडीतच बसून राहिली. बालाजी फोनवर बोलत लांब गेला. आश्रुबानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि गालात हसला. "दाजी, एक बोलू का? आक्का अजून इसरली न्हाई बगा."

"तुलाही दिसलं?" सूर्यभान म्हणाला.

"दिसंल न्हाई तर! मागून सगळा सौदा बगायलो की मी. पदर पातळ हाय. दुसऱ्याच्या रुमालात काय चाललंय ते वरून वळखायचं, ह्येच्यावरच तर प्वाट भरलं आमचं." त्यानं बशी खाली ठेवली आणि स्वतःच्या डाव्या हाताचा पंजा उजव्या हातात धरून दाखवला. "ह्यो पाच. चार बोटं म्हंजी चार. तीन अन् पेर, साडेतीन. पाचशे, चारशे, साडेतीनशे. मग घडीभर थांबायचं, समोरचं काय म्हणतंय बगायचं. आबाचा हात हाय तिला, हुबेहूब."

सूर्यभाननं कप खाली ठेवला. "कशाचा भाव?"

"कालवडीचा. दुसरा सौदा केलाय कुटं तिनं जन्मात? आबा सांगायचे, सात-आठ वर्साची आसंल. कालवड तिनंच वाढीवली व्हती, तर आबा म्हनले, तूच इक. हौस म्हनून. जिंतूरकडचं गिऱ्हाईक व्हतं. ते हात धरून बसलं अन् बोलंचना. हो म्हणंना, न्हाई म्हणंना, सोडंना बी. ही आपली उतरायलीय, उतरायलीय. शेवटाला लागली रडाया. आबांनी हात सोडवला अन् कालवड घरी आणली. मग बोलली न्हाई दोन दिस." आश्रुबा कौतुकानं गाडीकडे बघत होता. "कवापून चालूय हे, दाजी?"

"दोन वर्षं."

"अन् तुमी काय म्हनता तिला?"

"मी काही म्हणत नाही. धरू देतो."

आश्रुबाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. मग हळू बोलला, "असं करू नाही, दाजी. एवढं उतरूस्तर गिऱ्हाइकानं गप बसू नाही. पटलं तर तळवा दाबावा अन् हात सोडावा. न्हाई पटलं तर काडून घ्यावा. लोंबकळत ठिवणं पाप हाय बाजारात."

बालाजी परत आला आणि म्हणाला, "काका, घरी बोलणं झालं. तीन देतो. त्याच्यावर मला झेपत नाही." सूर्यभाननं ऐकलं की नाही कळेना. तो गाडीतल्या सरजाकडे बघत होता. मान मुद्दाम वळवून, बाजूचं दिसावं म्हणून. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. रोज असायचा. तो उन्हाचा म्हणून रोज काच खाली करायचा. चार वाजता ती फाटकाशी येऊन उभी राहायची ती फिरायला जायची म्हणून नाही. सौदा अर्धा राहिला होता म्हणून. घरी तिला तो निदान पाव्हणा होता, ती त्याला जेवा म्हणायची. इथं, या सीटवर, ती सात वर्षांची होऊन एका मुक्या गिऱ्हाइकासमोर रोज रडायच्या बेताला येत होती, आणि ते गिऱ्हाईक तिचा हात धरून सुखानं डोळे भरून घेत होतं. त्याला स्वतःचा राग आला नाही. राग यायला अंगात काही शिल्लक पाहिजे. फक्त एवढं कळलं की चाळीस वर्षांत एकदा जरी विचारलं असतं, की सरजे, तुझ्या बापाच्या रुमालात काय असायचं गं, तर तिनं सांगितलं असतं. सांगायला ती तयारच असणार. रोज जेवायला वाढताना ती जे काही बोलायची, त्यात ही कालवडही असेल. असणारच.

परत निघाले. स्टेशनाचा रस्ता संपला, तिसरा पडला, आणि पदराखालून हात आला. तिनं सगळा पंजा धरला. पाच. तिचा हात गरमच होता, कोरडाच होता, त्यात काहीही बदललं नव्हतं. अजून घरापर्यंतचा सगळा रस्ता होता. तो गप्प बसला असता तर ती घरापर्यंत धरून राहिली असती, चार, साडेतीन, पुन्हा पाच. शेवटचंच आहे, कुणाचं काय जातं, असं त्याला वाटून गेलं, आणि ते खरंही होतं. आश्रुबाही बोलला नसता. तिनं पंजा धरून ठेवला आणि रस्त्याकडे बघत थांबली. मग तिची बोटं जराशी सैल झाली. आता ती चारवर येणार होती. ती येण्याआधी सूर्यभाननं तिचा तळवा दाबला.

तिनं मान वळवली. दोन वर्षांत गाडीत पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं. गिऱ्हाईक खरं बोलतंय का, हे बघावं तसं. त्यानं पुन्हा दाबला. तिचा हात सुटला. तिनं पदर गोळा केला, झटकला, खांद्यावर टाकला आणि मागे वळून म्हणाली, "आबा, गेली. मागितल्या पैशाला गेली." तिचा आवाज लहान पोरीचा होता. आश्रुबा रुमाल तोंडाला लावून म्हणाला, "चांगलं झालं बाई. लय चांगलं केलंस." मग ती सीटला मागे टेकली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली, हात मांडीवर उघडे टाकून. सूर्यभानचा डावा हात गिअरवर होता. आता तो कोणताही गिअर टाकायला मोकळा होता.

दारात गाडी थांबली तेव्हा त्यानं किल्ली काढून बालाजीपुढे धरली. "अडीच द्या," म्हणाला.

"अहो, मी तीन म्हणालो."

"तुम्ही अडीच ठरवून आला होता. तेच बरोबर आहे."

"दाजी!" आश्रुबा कळवळला. साऱ्या जन्मात त्यानं असा सौदा बघितला नव्हता. "त्यो तीन बोललाय. बोललेलं खाली आणतेत व्हय कुणी?"

"शेवटची दोन वर्षं धरायची नाहीत," सूर्यभान म्हणाला. बालाजीला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यानं पुढं विचारलं नाही. त्यानं किल्ली घेतली.

सरजा आपली आपण उतरली होती. पायरीवर उभी राहून तिनं डोक्यावरून पदर घेतला. दोन वर्षांत ती इतकी निवांत कधी दिसली नव्हती. कपाळ कोरडं, डोळे शांत. तिनं पश्चिमेकडे हात आडवा धरून ऊन किती राहिलंय ते बघितलं आणि सूर्यभानला मायेनं म्हणाली, "पाव्हणं, झालं न्हवं तुमचं काम? मग निगा आता. उजेडात गाव गाठा."

"हो," सूर्यभान म्हणाला, "निघतो." आणि तो आपल्याच अंगणात उभा राहिला.